माउस शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या

एकेकाला शेजारी बसवून कॉम्प्युटर शिकवायचा असेल, तर पहिल्या भेटीत तो सुरूच करू नका. आधी विचारा, "नाना, तुम्हाला याच्यावर नेमकं काय करायचंय?" यावलचे केळीवाले सातबारा म्हणतील, शिरपूरच्या एखाद्या ताई बचत गटाचा हिशोब म्हणतील. ते एकच काम वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सगळं शिकवणं त्याला धरूनच ठेवा. 'सीपीयू म्हणजे काय' इथून सुरुवात केली, की माणूस तिसऱ्या दिवशी येत नाही.

आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं पुरे. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी 7 नंतर बसा, मे महिन्यात सकाळी 8 च्या आत. लाईटचा भरवसा नसेल तर लॅपटॉप बरा. पण त्याला साधा वायरचा माउस जोडा, टचपॅडवर नवखी बोटं फार अडखळतात.

शिकणाऱ्याला स्क्रीनसमोर बसवा. तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे बसा, म्हणजे तुमचा हात माउसपर्यंत पोहोचणारच नाही. "द्या इकडे, मी करतो" म्हणालात की त्या दिवसाचं शिकणं संपलं. बोटही स्क्रीनला न लावता तोंडाने सांगा: "वर डाव्या कोपऱ्यात, निळं चौकोनी." घरात अहिराणी असेल तर 'आठे' (इथे), 'तठे' (तिथे) म्हणा, माणूस लगेच सैल होतो.

पहिले दोन दिवस फक्त माउस. माउस टेबलाच्या कडेला गेला की बहुतेक जण तिथेच थांबतात. तो उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. डबल क्लिक करताना हात हलतो आणि फाइल उघडायच्या ऐवजी सरकते. कंट्रोल पॅनेलमध्ये माउसच्या बटन्स टॅबवर जाऊन डबल क्लिकचा वेग कमी करा. तरी जमत नसेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, काम तेच होतं. सरावाला सॉलिटेअर उत्तम. 1990 मध्ये विंडोज 3.0 सोबत आलेला हा पत्त्यांचा खेळ क्लिक आणि ओढणं दोन्ही शिकवतो, आणि पत्ते सगळ्यांना येतात.

मग कीबोर्ड. शेतातल्या कामाचा हात जोरात पडतो, बटण दाबलेलंच राहतं आणि स्क्रीनवर 'ककककक' उमटतं. चूक हाताची नाही, सेटिंगची आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्ड उघडून रिपीट डिले, म्हणजे दाबून धरलेलं अक्षर पुन्हा उमटण्याआधीचा वेळ, 'लाँग'कडे सरकवा. चुकलं की कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं मागे घेणं, हे कीबोर्डच्या पहिल्याच दिवशी शिकवा. काही बिघडेल ही भीती त्यानेच जाते.

मराठी टायपिंगला विंडोजमधलाच इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे मराठी अक्षरांची मांडणी, घ्या. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. अडतं ते पहिल्या वेलांटीपाशी. 'विमल' लिहिताना पेनाने आधी वेलांटी काढायची सवय असते, म्हणून ती आधी दाबली जाते आणि स्क्रीनवर तुटक रेषेचं वर्तुळ येतं. इथे आधी 'व', मग वेलांटी: बी, एफ, सी, एन. 'जळगाव'चा 'ळ' शिफ्ट धरून एनवर. स्वतःचं नाव आणि गावाचं नाव, रोज पाच वेळा.

आता सातबारा. महाभूलेख या सरकारी जमीन-उताऱ्यांच्या वेबसाइटवर विभाग विचारला, तर नाशिक निवडायचा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही त्यातच येतात, पण हे माहीत नसल्याने माणूस पहिल्याच पायरीवर अडकतो. पुढे जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. गट नंबर जुन्या उताऱ्यावरून आधीच वहीत लिहून ठेवा. हा उतारा पाहण्यापुरता असतो. सरकारी कामाला डिजिटल सहीचा वेगळा काढावा लागतो, हे तेव्हाच स्पष्ट सांगा.

ओटीपी आला की मान दुसरीकडे वळवा. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकायचा, तुम्ही विचारायचाही नाही. "सांगून देतो ना, तूच टाक" म्हणाले तरी नाही. आज तुम्हाला सांगतील, उद्या फोनवरच्या अनोळखी माणसाला सांगतील.

पायऱ्या वहीत त्यांनीच लिहायच्या, त्यांच्याच शब्दांत; लिहिता येत नसेल तर चित्रं काढू द्या. शेवटच्या दहा मिनिटांत वही त्यांच्यासमोर ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसा. सलग दोन दिवस तुम्हाला हाक न मारता सातबारा निघाला, की वहीत दुसरं काम लिहा.