सोसायटीच्या टाकीत टीसीएल किती आणि कशी घालावी?

मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन, क्लोरीन घालूनच नवी मुंबईत येतं. मग आपल्या टाकीत पुन्हा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कशाला? तर तळाचा गाळ आणि भिंतींवरचं शेवाळ ते क्लोरीन फस्त करतात. म्हणून आधी टाकी उपसा आणि घासून घ्या. गाळावरच ‘टाक रे दोन मुठी’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींना कोणीतरी थांबवायला हवं.

टीसीएलच्या चांगल्या मालात सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतं, पण पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की ते उडून जातं. गोळे झालेली पावडर घेऊ नका.

प्रमाण: टाकी भरल्यावर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरला २५ ग्रॅम. काट्यावर मोजा. हातमोजे आणि मास्क घाला, प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवा, मग पाणी वाढवून ढवळा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पावडरमधला चुना खाली बसतो. टाकीत फक्त वरची निवळ ओतायची, चुना नाही. त्यानंतर तासभर पाणी सोडू नका.

आता ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाने पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासणं. गच्चीवरच्या टाकीजवळचं पाणी तपासून समाधान मानू नका. तळमजल्याचा नळ थोडा वेळ वाहू द्या आणि तिथलं पाणी टेस्टच्या काचनळीत घ्या. ओटीचे थेंब पडताच फिकट पिवळा रंग येतो, तो लगेच रंगपट्टीशी ताडून पाहा, कारण थांबलात तर रंग गडद होत जातो. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. ते पाणी पिऊ नका, मोरीत ओता.

टॉयलेटचं ॲसिड मात्र या बादलीच्या आसपासही नको. ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं; टीसीएलशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. १७७४ मध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाने याच आम्लाची मँगनीजच्या खनिजाशी गाठ घालून हा वायू मिळवला. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१० मध्ये ठरवलं. मिठातही क्लोरीनच असतं, पण क्लोराईडच्या रूपात, त्यामुळे ते जंतूंच्या वाटेला जात नाही. सुटा वायू मात्र फुफ्फुसं जाळतो. शिवाय तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. म्हणून भूमिगत टाकीत सफाई कामगार उतरलेला असताना टीसीएल किंवा ॲसिड, काहीही आत ओतायचं नाही.