नाताळच्या शुभेच्छापत्रातच गिफ्ट कार्डाचा खिसा

ए४ आकाराची जाड कार्डशीट मधोमध कापून अर्धा तुकडा दुमडला की शुभेच्छापत्र तयार. खरी मेहनत आतल्या खिशाची. गिफ्ट कार्ड साधारण ८.५६ बाय ५.४ सेंटीमीटरचं असतं, एटीएम कार्डाएवढंच. म्हणून लाल कागदाचा ११ बाय ५.५ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. डावी, उजवी आणि खालची कड एकेक सेंटीमीटर मागे दुमडा, खालचे दोन कोपरे तिरके कापा, नाहीतर तिथे कागद फुगतो. आता या पट्ट्यांना दुहेरी टेप लावून खिसा उजव्या पानावर चिकटवा, घडीपासून थोडा दूर. पातळ गोंद मात्र टाळाच, कागद सुरकुततो. कार्ड सुमारे एक सेंटीमीटर वर डोकावतं, चिमटीत सहज येतं. खिशावर काळी आडवी पट्टी आणि सोनेरी कागदाचा चौकोनी बक्कल लावलं की सांताचा कोट झाला! मुलांना हे फार आवडतं.

खुद्द गिफ्ट कार्ड कधीच चिकटवू नका. त्याच्या मागचा स्क्रॅच करायचा भाग किंवा मागची काळी चुंबकीय पट्टी खराब होऊ शकते. रक्कम कार्डावर छापलेली नसेल, तर ती आणि वापराची शेवटची तारीख खिशाखाली बारीक अक्षरात लिहा. शुभेच्छांच्या चार ओळी मात्र डाव्या पानावर, स्वतःच्या हातानं.