चवथीची टेप आणि आजीचं कपाट

चवथीच्या सजावटीसाठी मुलांनी आजीच्या सागवानी कपाटाला डबल साइड टेप लावली. फोंड्याची दमट हवा, त्यात पाच दिवस. ओढल्यावर टेप हातात आली, गोंद कपाटावरच.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "सॅनिटायझर मार." नशीब, आधी मागच्या बाजूला एक थेंब टाकून पाहिला. पॉलिश पांढुरकं झालं! फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाखच, अल्कोहोल लागलं की ती सुटते. थिनरचं तर नावच काढलं नाही.

मग खोबरेल. (गोव्यातल्या घरात ते शोधावं लागत नाही.) कापसाचा बोळा तेलात भिजवून दहा मिनिटं गोंदावर ठेवला, हेअर ड्रायरची कोमट हवा दिली आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हळूहळू सारत गेले. गोंदाच्या शेवया वळून आल्या. साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं फिरवलं, लगेच कोरडं.

नव्या पितळी समईच्या बुडावरचं लेबलही तसंच काढलं, खोबरेल आणि नखाने. तिच्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, आहे. काथ्याने घासली असती तर चरे पडले असते.

कपाटामागचा पांढरा डाग मात्र अजून आहे. भिंतीकडे तोंड करून.