गेमबॉय कार्ट्रिजमधला सेव्हचा सेल बदलताना

पूर्वी निन्टेंडोच्या गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावर गेमचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, कार्ट्रिजमधल्या (गेमच्या डबीतल्या) नाण्याएवढ्या सेलवर जिवंत राहायचा. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये (जपान, १९९९) घड्याळही त्यावरच चाले, म्हणून तो लवकर संपतो. जुना सेव्ह अजून उघडत असेल, तर आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज संगणकाला जोडून वाचणाऱ्या उपकरणाने) संगणकावर उतरवून घ्या. सेल निघाला की सेव्ह गेलाच, आणि वर्षानुवर्षं जपलेला तो खेळ पुन्हा मिळत नाही.

कार्ट्रिजच्या स्क्रूला ३.८ मिमीचा गेमबिट (अशा स्क्रूसाठीचा खास पेचकस) लागतो. साधा पेचकस डोकं झिजवतो. या दोन्ही गेममध्ये सीआर२०२५ असतो, तरी जुन्या सेलवरचा क्रमांक वाचाच. नवा सेल पत्ती जोडलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाग (सोल्डर) दिला तर उष्णतेने तो खराब होतो, फुटूही शकतो. चिकटपट्टीने बसवलेला सेल तर जरा हलला की संपर्क तुटून सेव्ह पुसतो.

जुना सेल काढताना सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा, प्रत्येक पत्तीला २-३ सेकंदच टेकवा. ओढाओढ केली तर बोर्डावरची तांब्याची टिकली उखडते. बोर्डावरचे + आणि − पाहूनच नवा सेल डागा. मग नवा गेम सेव्ह करा, बंद करा, तासाभराने उघडून पाहा.