नळी, मेतकूट आणि नोटरी: विसरायला लागण्याआधी करायचा कागद

शेवटच्या दोन महिन्यांत आईचे हात पलंगाच्या कठड्याला बँडेजनं बांधलेले असत. नाकातली नळी ती ओढून काढायची म्हणून. नळी का, तर गिळता येईना. गिळता का येईना, तर स्मृतिभ्रंश शेवटच्या पायरीवर आलेला. आणि नळीला ‘हो’ कोण म्हणालं? मी. रात्री पावणेबाराला, आयसीयूबाहेर, गुडघ्यावर पॅड टेकवून सही केली. तिला काय चाललं असतं ते मला ठाऊकच नव्हतं. आम्ही मायलेकी तासन्तास बोलायचो, पण ते मटाराच्या भावावर आणि भावजयीवर.

मी ठाणे स्टेशनात 31 वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसले. आता 68 वर्षांची आहे, नौपाड्यात राहते. गेल्या वर्षी मी माझा कागद करून टाकला. तो कसा केला ते सांगते.

याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. वकील मंडळी ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. घरात ‘इच्छापत्र’ एवढंच बोलू नका. मी बोलले आणि मुलगा म्हणाला, “अगं आई, फ्लॅटचं आत्ता कशाला?” फ्लॅटचं ते मृत्युपत्र, मेल्यावर लागू होतं. हा कागद जिवंतपणी लागतो, आपल्याला बोलता येत नाही तेव्हा. केईएममध्ये 42 वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात 2011 साली ही वाट किलकिली झाली. मग 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा कागद मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. इंजेक्शन देऊन मारा, असं यात लिहिता येत नाही. तो आजही गुन्हा आहे. बरं होण्याची आशा नसताना नुसतं लांबवणारे उपचार नाकारता येतात, एवढंच.

पहिली गोष्ट वेळेची. सही करताना माणूस समजून-उमजून सही करणारा हवा. निदान झालं म्हणजे दार बंद झालं असं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात पुष्कळांना आपलं बरंवाईट नीट कळत असतं. मात्र तेव्हा डॉक्टरांकडून त्याच दिवशीचा दाखला घ्या, आणि काम सकाळी उरका. संध्याकाळी दिवेलागणीला आईचा गोंधळ वाढायचा. या आजारात बऱ्याच जणांचं तसंच होतं.

आता कागदात काय लिहायचं. बहुतेक जण ‘व्हेंटिलेटर नको’ लिहून मोकळे होतात. स्मृतिभ्रंशात तेवढ्यानं भागत नाही. हा आजार रेंगाळत नेतो, आणि घरच्यांपुढे प्रश्न येतात ते बारीक बारीक. छातीत कफ झाला, चौथ्यांदा दवाखान्यात न्यायचं का? गिळता येत नाही, नळी घालायची का? या नळीबद्दल मला त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर! स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तिनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असं दिसून आलेलं नाही. त्यापेक्षा ताठ बसवून, लहान चमच्यानं, घाई न करता भरवावं असं जाणकार सांगतात. भरवण्यातही ठसक्याची भीती असते, पण हात बांधावे लागत नाहीत. नळीच्या आधी आई आमच्या कामाच्या मावशींच्या हातून मऊ भात, तूप, मेतकूट खायची. सहा घास, अर्धा तास. मावशींना ती ‘ताई’ म्हणायची, मला काहीच म्हणायची नाही.

म्हणून मी लिहिलं: “भरवलंत तर खाईन. तोंड मिटलं, मान फिरवली, तर ते माझं उत्तर समजा. नळी नको.” पुढे लिहिलं: “हृदय थांबलं तर छाती दाबू नका, शॉक देऊ नका.” म्हाताऱ्या बरगड्या त्यात मोडतात. आणि लगेच खाली: “खुब्याचं हाड मोडलं आणि मी झेपण्यासारखी असेन, तर ऑपरेशन करा. ते दुखणं थांबावं म्हणून. दुखणं आणि धाप यांवर औषध कधीही आखडतं घेऊ नका, लागलं तर मॉर्फिनसुद्धा.” नकोची यादी करताना हवंची यादी विसरू नये.

एका वाक्यावर मी आठवडाभर अडले. आधी लिहिलं होतं, ‘मुलांना ओळखेनाशी झाले की सगळे उपचार थांबवा.’ मग आई आठवली. मला ओळखत नव्हती तेव्हाही आमरसाची वाटी पाहून हसायची. ते वाक्य खोडलं. “ओळखत नाही एवढ्यावरून काही ठरवू नका, मी अंथरुणाला खिळले, बोलणं आणि गिळणं गेलं, की ठरवा” असं घातलं. तुमची रेघ वेगळी असेल. ती कुठे ओढायची ते तुम्ही ठरवा, डॉक्टरांवर सोडू नका.

आपल्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं द्यावी लागतात. एकाहून जास्त देता येतात. सगळ्यात जास्त जीव लावणारा निवडू नका, दबावाला न बधणारा निवडा. ऐन वेळी गावाहून कोणीतरी मामा उगवतात आणि कॉरिडॉरमध्ये म्हणतात, “पैशाकडे बघू नका, सगळं करा.” त्यांना चहा पाजून गप्प बसवू शकेल अशी माझी नेरूळची धाकटी लेक आहे. थोरल्याला राग आला. त्याचं नाव दुसरं घातलं आणि दोघांना समोर बसवून कागद मोठ्यानं वाचला. तो रडला. ते रडणं माझ्यासमोर झालं हे बरंच झालं.

कागदोपत्री काम त्या मानानं सोपं. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे. मी शेजारच्या वहिनी आणि जुनी सहकारी घेतली. त्यांच्यासमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. आता न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. माझ्या नोटरीनं असला कागद पहिल्यांदाच पाहिला होता. “काकू, तब्येत बरी आहे ना?” म्हणाला. एक प्रत नावं दिलेल्यांना, एक फॅमिली डॉक्टरला आणि एक महापालिकेकडे. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि राज्यानं स्थानिक संस्थांमध्ये हे कागद सांभाळायला 400 हून अधिक अधिकारी नेमले. आपल्याकडे कोण आहे ते आरोग्य विभागात विचारा आणि पोच घ्या.

वेळ आली की कागद दाखवून लगेच काही होत नाही. रुग्णालयाचं डॉक्टरांचं मंडळ पाहतं, मग दुसरं मंडळ. प्रत्येकानं शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. लेकीला हे आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे तिथे ती भांडणार नाही.

पैशाचं थोडक्यात. कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त राहू नका. करणाऱ्याची समज गेली की त्या पत्रानं दुसऱ्याला दिलेला अधिकार कायद्यानं संपतो. खाती ‘दोघांपैकी कोणीही’ अशी करा, नामनिर्देशन तपासा.

कागद कधीही लेखी रद्द करता येतो, नवा करता येतो. मी दर पाडव्याला माझा काढून वाचते. यंदा मूळ कागद तसाच ठेवला. सोबतच्या चिठ्ठीत मात्र भर घातली: रेडिओ लावा, पण बातम्या नकोत, केस कापू नका, वेणी घाला, आणि मेतकूट घरचंच.