निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदवह्यांचे जतन आणि संगणकीकरण

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. अशा मोजणीच्या जुन्या वह्या हाती आल्यास प्रथम त्या ज्या क्रमाने ठेवलेल्या होत्या तो क्रम लिहून ठेवावा, कारण सुटे झालेले पान कोणत्या विहिरीचे आहे, हे पुष्कळदा शेजारच्या पानावरूनच कळते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, कसर लागलेल्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये.

स्कॅनिंग किमान ३०० डीपीआयवर आणि रंगीत करावे. लाल शाईतली दुरुस्ती कृष्णधवल प्रतीत ओळखू येत नाही. जतनाची प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, रोजच्या वापराला पीडीएफ पुरते.

खरी जोखीम आकडे भरताना असते. वहीत ‘कोरडी’ असा शेरा असेल तर तिथे शून्य भरू नये, कारण पातळी जमिनीपासून खाली मोजलेली असल्याने शून्याचा अर्थ विहीर काठोकाठ भरली, असा नेमका उलटा होतो. मोजमाप कठड्यावरून घेतले असल्यास कठड्याची उंची वजा करावी लागते, आणि फुटांतील आकड्याला ०.३०४८ ने गुणून मीटर काढावे लागतात. मात्र वहीतला मूळ आकडा एका रकान्यात जसाच्या तसा ठेवून काढलेला आकडा दुसऱ्या रकान्यात लिहावा. हस्ताक्षरातील १ आणि ९ यांचा घोळ नेहमीचाच, म्हणून भरलेले आकडे दुसऱ्या व्यक्तीने ताडून पाहावेत. शेऱ्यांचा रकाना कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये. ‘विहीर खोल केली’ किंवा ‘आडवे बोर घेतले’ एवढ्या शब्दांत पुढच्या सगळ्या आलेखाचे उत्तर असू शकते.

ठिकाणाची नोंद जुनी आणि आजची अशी दोन्ही हवी. जालना जिल्हा १९८१ मध्ये मुख्यतः औरंगाबादमधून वेगळा झाला, त्यामुळे तिथली विहीर जुन्या वहीत बहुधा औरंगाबादखाली सापडेल; जमीन एकत्रीकरणानंतर सर्वे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले, तेही जुळवून घ्यावे.

शेवटी प्रत्येक विहिरीचा आलेख काढावा. मे महिन्यातली पातळी ऑक्टोबरपेक्षा वर दिसल्यास मूळ पानाची प्रतिमा पुन्हा पाहावी, पण आकडा परस्पर बदलू नये. कालव्याच्या लाभक्षेत्रात तसे खरोखरच घडू शकते.