लसीच्या दिवसाआधी: कुत्र्याला दवाखान्याची सवय कशी लावावी

वर्षाची रेबीजची लस देण्यासाठी नेलेले कुत्रे दवाखान्याच्या दारातच पाय रोवून उभे राहते, तेव्हा तो हट्ट नसून भीती असते, आणि भीती रागावल्याने जात नाही. तिथे जे होणार आहे ते आधी घरी, थोडेथोडे आणि खाऊच्या सोबतीने घडवून आणणे हा त्यावरचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

रोज दोन-तीन मिनिटे पुरतात. कान उचलून आत पाहावे, ओठ वर करून दात पाहावेत, पंजा हातात धरून नख हलकेच दाबावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. आधी स्पर्श आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा, हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण खाऊ आधी दाखवला तर काही दिवसांनी खाऊ दिसताच कुत्रे सावध होऊ लागते. ही लस बहुधा सैल कातडीखाली दिली जाते, म्हणून मानेमागची कातडी चिमटीत धरण्याचा, तिथे स्पिरिटचा बोळा फिरवण्याचा आणि शेवटी सुई नसलेली सिरिंज टेकवण्याचा सरावही करावा. स्पिरिटचा वास अनेक कुत्र्यांना सुईइतकाच घाबरवतो. घरी त्या वासानंतर दरवेळी पनीर मिळाले, की त्याचा अर्थ हळूहळू बदलतो.

सराव चालू असताना कुत्र्याने वारंवार जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली किंवा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर त्याच क्षणी थांबून मागच्या सोप्या पायरीवर यावे. आपण थांबतो हे कळले, की त्याला गुरगुरण्याची गरज वाटत नाही.

मधूनमधून उपचाराविना, डॉक्टरांना आधी विचारून, दवाखान्यात केवळ वजन करून आणि खाऊ खाऊन परत यावे. पिल्लू 3 ते 14 आठवड्यांचे असताना हे सर्वांत सहज जमते. परंतु लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या संसर्गजन्य आजाराच्या धोक्यामुळे त्याला तिथल्या जमिनीवर न सोडता कडेवरच ठेवावे. गर्दी असल्यास बाहेर थांबून आपला नंबर आल्यावर आत जावे. स्टीलच्या टेबलावर पाय घसरतात, म्हणून घरून रबरी मॅट न्यावी, किंवा जमिनीवरच तपासता येईल का, असे विचारावे.

चावण्याची शक्यता असेल तर तोंड उघडून धापा टाकता येतील आणि खाऊही देता येईल, असे जाळीदार मुसके घरीच आनंदाने घालायला शिकवावे. ऐन वेळी बळेच बांधलेले मुसके भीती वाढवते. इतके करूनही कुत्रे थरथरत असेल, तर भेटीआधी द्यायच्या शामक औषधाविषयी डॉक्टरांशीच बोलावे. माणसांची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये, आणि नखे कापण्यासारखे तातडीचे नसलेले काम त्या दिवशी खुशाल पुढे ढकलावे.